पट्टी एक, पातळ्या वेगळ्या: नॅगिओसमधल्या चेक कमांडची मांडणी

पावसाळ्यात सांगलीत कुणी भेटलं की पहिला प्रश्न असतो, "पाणी किती फुटांवर आलंय?" उत्तर आयर्विन पुलावरच्या पट्टीवरून मिळतं. ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. तिकडे कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३ आहेत. नद्या वेगळ्या, काठ वेगळे, म्हणून पातळ्या वेगळ्या. फूट मात्र दोन्हीकडे सारखाच. कोल्हापूरसाठी कुणी वेगळा फूट तयार केलेला नाही.

सर्व्हरवर नजर ठेवताना आपण मात्र नेमकी ती चूक करतो. प्रत्येक मशीनसाठी नवी पट्टी बनवतो. डिस्क मोजायची कमांड एका फाइलीत, जरा वेगळ्या आकड्यांची तीच कमांड दुसरीत, आणि तिसरीत कुणीतरी घाईत चिकटवलेली तिची नक्कल. मोजायचं कसं हे कमांडनं सांगावं आणि किती झाल्यावर ओरडायचं हे त्या त्या मशीनच्या नोंदीत असावं, ही एक विभागणी पाळली तर चाळीस मशीनचं कॉन्फिगरेशन एका माणसाला सांभाळता येतं. ती कशी करायची ते इथे टप्प्याटप्प्यानं लिहितो. उदाहरणं नॅगिओस कोअर या मशीनवर नजर ठेवणाऱ्या प्रणालीची आहेत, तिच्यापासून निघालेल्या आयसिंगा २ बद्दल शेवटाकडे थोडं आहे. कमांड आणि आकडे इथे देवनागरीत दिले आहेत, फाइलमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे.

हे का करावं लागलं

मी विश्रामबागेतल्या एका खोलीतून सांगली, मिरज आणि कुपवाडमधल्या काही संस्थांची मशीन सांभाळतो. त्यातल्या एका पतसंस्थेत एका शनिवारी संध्याकाळी पिग्मी एजंटांच्या मशीनमधला डेटा चढेना. एजंट काउंटरपाशी रांग लावून उभे, वसुलीचा हिशेब अडकलेला. सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरली होती. डिस्कचा चेक तर लावलेला होता, मग अलर्ट का आला नाही? तिथल्या ऑपरेटरनं सांगितलं, "सर, ते पहिल्या दिवसापासून लालच आहे. सारखे मेसेज यायचे म्हणून बंद करून ठेवलं."

चेक_डिस्क या प्लगइनला (म्हणजे प्रत्यक्ष मोजणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) दिलेले टक्के मोकळ्या जागेचे असतात, वापरलेल्या जागेचे नव्हे. "२०% आणि १०%" याचा अर्थ मोकळी जागा २० टक्क्यांखाली गेली की इशारा, १० टक्क्यांखाली गेली की धोका. त्या फाइलीत ८०% आणि ९०% लिहिलेलं होतं. म्हणजे डिस्क नव्वद टक्के मोकळी नसेल तर धोका! तो चेक हिरवा होणं शक्यच नव्हतं. ती ओळ मीच दुसऱ्या मशीनच्या फाइलीतून उचलून, आकडे "सुधारून" चिकटवली होती. सोमवारी सगळ्या फाइली चाळल्या तेव्हा डिस्क मोजणाऱ्या अकरा कमांड निघाल्या, आणि त्यांतल्या तिघींमध्ये हाच उलटा आकडा होता.

पायरी १: आधी मोजदाद

काहीही बदलण्याआधी आहे ते समोर मांडा. कॉन्फिगरेशनच्या फोल्डरमध्ये ग्रेप (फाइलींत शब्द शोधणारी कमांड) चालवून "कमांड_लाइन" असलेल्या सगळ्या ओळी एका फाइलीत काढा आणि प्लगइनच्या नावानुसार लावा. एकाच प्लगइनला किती कमांडनी धरलं आहे ते लगेच दिसतं. मग "चेक_कमांड" असलेल्या ओळी काढा, म्हणजे कोणती सर्व्हिस (एका मशीनवरची एक तपासणी) कोणती कमांड वापरते ते कळतं. अशा याद्यांमध्ये बऱ्याच कमांड अनाथ निघतात, त्यांना कुणीच वापरत नसतं.

इथे एक सापळा आहे. नॅगिओसला सीएफजी_डिर या ओळीनं फोल्डर दाखवला की तो त्यातल्या आणि आतल्या सगळ्या फोल्डरांमधल्या, .सीएफजी शेपटीच्या झाडून सगळ्या फाइली वाचतो. "कमांड्स.सीएफजी.जुनी" ही फाइल तो वाचणार नाही, पण "कमांड्स-जुनी.सीएफजी" वाचेल. बॅकअप म्हणून ठेवलेली फाइल अशी जिवंत राहते आणि एकाच नावाच्या दोन कमांड तयार होतात. जुन्या फाइली त्या फोल्डरबाहेर हलवा, आणि सगळा फोल्डर गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, घाला. रिसोर्स.सीएफजी मात्र गिटमध्ये नको, त्याचं कारण पुढे येईल.

पायरी २: चेक कुठून होतो त्यावरून फाइली

कमांडची वाटणी मशीनप्रमाणे किंवा ग्राहकाप्रमाणे करू नका. चेक कुठे उभा राहून पाहतो, त्याप्रमाणे करा. माझ्याकडे चार फाइली आहेत.

"बाहेरून" या फाइलीत पिंग, वेबसाइट, पोर्ट, सर्टिफिकेट आहे. हे चेक नॅगिओसच्या मशीनवरून नेटवर्कमधून जातात. "आतून" या फाइलीत डिस्क, लोड, प्रोसेस असं जे त्या मशीनच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही ते सगळं. "स्वतःच्या" या फाइलीत आम्ही लिहिलेल्या स्क्रिप्ट. आणि "निरोप" या फाइलीत मेल आणि एसएमएस पाठवणाऱ्या कमांड. या चेक नाहीत, पण नॅगिओसच्या लेखी त्यांची व्याख्या सारखीच असते आणि लोक त्या चेकच्या फाइलीतच कोंबतात.

नवशिक्या माणसाच्या हातून एक चूक हमखास होते, ती या वाटणीनं टळते. चेक_डिस्क जशीच्या तशी दूरच्या होस्टला (म्हणजे मशीनला) लावली तर ती नॅगिओसच्या स्वतःच्या मशीनची डिस्क मोजते. मिरजेच्या सर्व्हरच्या नावापुढे सांगलीच्या मशीनची डिस्क हिरवी दिसत राहते. "आतून" फाइलीतल्या प्रत्येक कमांडमध्ये एनआरपीई किंवा एसएसएच (दूरच्या मशीनवर चेक चालवून उत्तर आणायचे दोन मार्ग) असलंच पाहिजे, हे त्या फाइलीच्या डोक्यावर टिप्पणीत लिहून ठेवा.

पायरी ३: आकडे कमांडमधून बाहेर काढा

साधी रीत आर्ग मॅक्रोची, म्हणजे चेक चालवताना भरल्या जाणाऱ्या रिकाम्या जागांची. नॅगिओस $आर्ग१$ पासून $आर्ग३२$ पर्यंत जागा देतो, आणि सर्व्हिसमध्ये कमांडच्या नावापुढे उद्गारचिन्हं घालून त्या भरायच्या.

डिफाइन कमांड {
  कमांड_नेम  चेक_पोर्ट
  कमांड_लाइन  $यूजर१$/चेक_टीसीपी -एच '$होस्टअॅड्रेस$' -डब्ल्यू '$आर्ग१$' -सी '$आर्ग२$' -पी '$आर्ग३$'
}

सर्व्हिसमध्ये: चेक_कमांड  चेक_पोर्ट!१!५!३३०६

यात -एच मोठ्या लिपीतला आणि बाकीची अक्षरं लहान लिपीतली. $यूजर१$ म्हणजे प्लगइनचा फोल्डर. तो रिसोर्स.सीएफजीमध्ये एकदाच लिहिलेला असतो. डेबियनवर तो /यूएसआर/लिब/नॅगिओस/प्लगइन्स असतो, रेड हॅटच्या घराण्यात लिबच्या जागी लिब६४ येतं, आणि सोर्सवरून बसवलं असेल तर /यूएसआर/लोकल/नॅगिओस/लिबेक्झेक. कमांडमध्ये पूर्ण मार्ग लिहिलात तर मशीन बदलताना प्रत्येक ओळ हातानं दुरुस्त करावी लागेल.

क्रम एकच ठेवा: पहिला इशारा, दुसरा धोका, तिसऱ्यापासून कशावर मोजायचं ते. नॅगिओसबरोबर येणाऱ्या नमुन्याच्या फाइलीतही स्थानिक डिस्कच्या कमांडचा हाच क्रम आहे. एखाद्या कमांडमध्ये क्रम उलटा असेल तर तो मध्यरात्री फोनवर दुसऱ्याला समजावणं अशक्य होतं.

मॅक्रोभोवती एकेरी अवतरणचिन्हं का, तर सर्व्हिसमध्ये एखादा आर्ग भरायचा राहिला की त्याची जागा रिकामी जाते. अवतरण नसेल तर -डब्ल्यू आपल्या शेजारच्या -सी लाच स्वतःची किंमत समजून गिळतो आणि प्लगइन भलत्याच कारणानं तक्रार करू लागतो. अवतरणात निदान रिकामी किंमत रिकामी म्हणूनच पोचते.

आर्ग दोन-तीन असतील तोवर हे छान चालतं. पण हा आकडा सर्व्हिसच्या ओळीत बसतो, आणि एका सर्व्हिसला वीस होस्ट जोडलेले असले की सगळ्यांना एकच आकडा मिळतो. जत आणि आटपाडीकडच्या शाखा वायरलेस लिंकवर आहेत, सांगलीतल्या फायबरवर. पिंगचा एकच आकडा दोघांना लावला तर जतची शाखा कायम लाल राहणार, किंवा सांगलीची लाइन मरायला टेकली तरी हिरवी दिसणार. मग माणूस काय करतो? जतसाठी वेगळी कमांड लिहितो. अकरा कमांड अशाच तयार होतात.

यावरचा उपाय म्हणजे होस्टचे स्वतःचे व्हेरिएबल, आणि माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. होस्टच्या व्याख्येत अंडरस्कोरनं सुरू होणारं कोणतंही नाव आपण घालू शकतो. आधी मूळ टेम्पलेटमध्ये सर्वसाधारण आकडे लिहा:

डिफाइन होस्ट {
  नेम  मूळ-शाखा
  _पिंग_इशारा  १००.०,२०%
  _पिंग_धोका  ५००.०,६०%
  रजिस्टर  ०
}

पहिला आकडा मिलिसेकंदांचा, दुसरा हरवलेल्या पॅकेटचा. जतच्या होस्टमध्ये "यूज मूळ-शाखा" लिहून फक्त तिथला फरक नोंदवायचा: _पिंग_इशारा ३००.०,४०% आणि _पिंग_धोका ८००.०,७०%. कमांड मात्र सगळ्यांना एकच:

कमांड_लाइन  $यूजर१$/चेक_पिंग -एच '$होस्टअॅड्रेस$' -डब्ल्यू '$_होस्टपिंग_इशारा$' -सी '$_होस्टपिंग_धोका$' -पी ५

मॅक्रोचं नाव नीट पाहा. व्हेरिएबलचा पहिला अंडरस्कोर होस्ट या शब्दाच्या आधी जातो आणि "होस्ट" व "पिंग" यांच्यामध्ये काहीही राहत नाही. तिथे जास्तीचा अंडरस्कोर टाकून मी एक अख्खी दुपार घालवली आहे. सर्व्हिसच्या व्हेरिएबललाही हाच नियम, फक्त "$_सर्व्हिस…$" असं.

टेम्पलेटमध्ये मूळ किंमत असलीच पाहिजे. ती नसली आणि एखाद्या होस्टमध्येही नसली तर प्लगइनला काय जाईल याचा भरवसा नाही. मी नावांमध्ये "इशारा" आणि "धोका" हेच शब्द रोमन अक्षरांत लिहितो. रात्रपाळीच्या मुलाला वॉर्निंग आणि क्रिटिकल यांतला फरक पुस्तकातून शिकावा लागतो. इशारा आणि धोका यांतला फरक कृष्णाकाठच्या माणसाला सांगावा लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, ते त्यानं पाहिलेलं आहे.

डिस्कसारख्या कमांडच्या नावात काय मोजतो तेही घाला. "चेक_डिस्क_मोकळी" असं नाव असतं तर पतसंस्थेच्या फाइलीत मी ८०% लिहिलं नसतं.

पायरी ४: एनआरपीईमागचे आकडे

"आतून" चेक करायचा तर दूरच्या मशीनवर एनआरपीई बसवतो. त्याचं पोर्ट ५६६६. नॅगिओसकडची कमांड फक्त नाव पाठवते, आणि त्या नावाखाली काय चालवायचं हे दूरच्या मशीनवरच्या फाइलीत असतं. म्हणजे आकडेही तिकडेच राहतात आणि पट्ट्या पुन्हा विखुरतात.

पहिला मार्ग म्हणजे डोन्ट_ब्लेम_एनआरपीई ही किंमत १ करून आर्ग नेटवर्कवरून पाठवणं. मुळात ती ० असते, आणि नाव वाचूनच कळतं की बनवणाऱ्यांना काय म्हणायचं होतं. २०१४ मध्ये असं उघड झालं की एनआरपीईच्या २.१५ पर्यंतच्या आवृत्त्यांत, आर्ग स्वीकारायची सोय चालू असेल तर, त्यात नव्या ओळीचं चिन्ह घुसवून भलतीच कमांड चालवता येते. लोकांच्या ठेवींचा हिशेब असलेल्या मशीनवर मी हे चालू करत नाही.

मी दुसरा मार्ग घेतो. एनआरपीईच्या इन्क्लूड_डिर फोल्डरात सगळ्या मशीनवर एकच फाइल ठेवायची. ती गिटमधून अॅन्सिबल या अनेक मशीनवर एकदम फाइली पोचवणाऱ्या साधनानं जाते. त्यात डिस्कच्या दोनच कमांड आहेत, एक सर्वसाधारण मशीनसाठी आणि एक मोठ्या डेटाबेसच्या डिस्कसाठी, कारण दोन टेराबाइटच्या डिस्कवर वीस टक्के मोकळे राहिले म्हणून कुणाला झोपेतून उठवण्यात अर्थ नाही. तिथे टक्क्यांऐवजी आकारात मर्यादा द्या. चेक_डिस्कला टक्क्याचं चिन्ह न लावता दिलेला आकडा तो मेगाबाइट समजतो. नॅगिओसकडे मग एकच कमांड पुरते:

कमांड_लाइन  $यूजर१$/चेक_एनआरपीई -एच '$होस्टअॅड्रेस$' -टी ३० -यू -सी '$आर्ग१$'

-यू घातल्यामुळे उत्तर वेळेत आलं नाही तर धोका न दाखवता "माहीत नाही" असं दाखवलं जातं. शाखेतली लाइट गेली की तिथले डिस्क, लोड, प्रोसेस सगळे एकदम लाल होणं हे खोटं चित्र आहे. डिस्कला काही झालेलं नसतं.

वेळेच्या मर्यादा आतून बाहेर वाढत्या ठेवा. बहुतेक प्लगइन १० सेकंदांत थांबतात, चेक_एनआरपीईसुद्धा मुळात १० सेकंदच थांबतो, आणि नॅगिओसची सर्व्हिस_चेक_टाइमआउट मुळात ६० असते. वरची ३० ही मधली पायरी. आतला चेक ४० सेकंद घेणारा आणि बाहेरचा ३० ला सोडून देणारा असेल तर खरं कारण कधीच कळणार नाही.

पायरी ५: गुपितं

पासवर्ड कमांडच्या ओळीत लिहू नका. रिसोर्स.सीएफजीमध्ये $यूजर३$ वगैरे नावांनी ठेवता येतात आणि ती फाइल फक्त नॅगिओसच्या युजरला वाचता येईल अशी करा. पण चेक चालू असताना त्या मशीनवर कुणी पीएस मारलं तर भरलेला पासवर्ड प्रोसेसच्या यादीत दिसू शकतो. म्हणून मायएसक्यूएलच्या चेकला मी पासवर्ड देतच नाही, ऑप्शन फाइल देतो, आणि तिथला युजर फक्त स्थिती वाचू शकेल असा ठेवतो.

दोन चिन्हांची काळजी घ्या. नॅगिओसच्या फाइलीत अर्धविरामापासून पुढचं सगळं टिप्पणी धरलं जातं, ओळीच्या मध्ये असला तरी. खरा अर्धविराम हवा असेल तर त्याआधी उलटी तिरकी रेघ द्या. आणि कमांडमध्ये खरं डॉलरचं चिन्ह हवं असेल तर ते दोनदा लिहा.

पायरी ६: स्वतःच्या स्क्रिप्टही त्याच पट्टीत बसवा

स्क्रिप्टनं बाहेर पडताना ०, १, २ किंवा ३ यांतलाच आकडा द्यावा: ठीक, इशारा, धोका, माहीत नाही. पहिल्या ओळीत माणसाला वाचता येईल असं वाक्य, मग उभी रेघ, मग आलेखासाठी आकडे. नदीचीच स्क्रिप्ट असती तर अशी दिसली असती:

इशारा - पाणी ४२ फूट | पाणी=४२;४०;४५

आणि परत दिलेला आकडा १. इशारा आणि धोका पातळ्या -डब्ल्यू व -सी नेच घ्या, नवी अक्षरं शोधू नका. पातळी लिहायची रीतही ठरलेली आहे. नुसतं "४०" म्हणजे ० ते ४० च्या बाहेर गेलं की ओरड. "३०:" म्हणजे ३० च्या खाली गेलं की ओरड, यूपीएसच्या बॅटरीला हे लागतं. "@१०:२०" म्हणजे त्या दोहोंच्या आत सापडलं की ओरड. प्लगइनच्या जगात ही रीत सगळीकडे चालते, म्हणून तुमची स्क्रिप्ट दुसऱ्यालाही वापरता येते.

पायरी ७: तपासून मगच चालू

आधी प्लगइन हातानं चालवा, पण रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून नव्हे. सुडोनं नॅगिओसचा युजर होऊन चालवा आणि लगेच परत आलेला आकडा पाहा. रूटनं चाललेला चेक नॅगिओसच्या युजरला परवानगीअभावी चालत नाही, हे फार वेळा होतं. स्क्रीनवर "१२७ हा परतीचा आकडा मर्यादेबाहेर" अशा अर्थाचा मजकूर दिसला तर प्लगइन त्या जागी नाही. १२६ असेल तर फाइल आहे पण चालवायची परवानगी नाही.

मग नॅगिओसला -व्ही देऊन मुख्य फाइल तपासा. त्यात एकाच नावाच्या दोन व्याख्या, नसलेल्या कमांडकडे बोट दाखवणाऱ्या सर्व्हिस, सगळं निघतं. रीस्टार्ट नको, रीलोड करा.

आयसिंगा २ वर असाल तर यातली बरीच मेहनत वाचते. नॅगिओसपासून २००९ मध्ये वेगळ्या झालेल्या या प्रकल्पाच्या दुसऱ्या आवृत्तीत कमांडच्या मूळ किमती कमांडमध्येच लिहिता येतात. आधी सर्व्हिसची किंमत, ती नसेल तर होस्टची, तीही नसेल तर कमांडची, असा शोध तो आपोआप घेतो. त्याच्याबरोबर येणाऱ्या तयार कमांडच्या संग्रहात डिस्कच्या व्हेरिएबलचं नाव डिस्क_डब्ल्यूफ्री असं आहे. "फ्री" हा शब्द नावातच! आधी हा संग्रह चाळा, नसेल तरच स्वतःची कमांड लिहा.

पायरी ८: जुन्या काढून टाकणं

एका दिवसात सगळं हलवू नका. मी आठवड्याला एक प्लगइन घेतला. आधी पिंग, कारण तो सर्वांत निरुपद्रवी, आणि डिस्क शेवटी. कारखान्याचे सर्व्हर गळीत हंगाम संपल्यावरच घेतले. काट्यावर उसाच्या गाड्या उभ्या असताना तिथे हात लावायचा नाही. प्रत्येक सर्व्हिस नव्या कमांडवर आली की तिचा चेक एकदा मुद्दाम लाल करून पाहायचा. डिस्कसाठी फॅलोकेट ही कमांड वापरून एक मोठी रिकामी फाइल तयार करायची, मोबाइलवर मेसेज येईपर्यंत थांबायचं आणि फाइल पुसायची. प्रॉडक्शनच्या डिस्कवर हे करताना धोका पातळी ओलांडेल इतकीच फाइल करा, डिस्क भरू देऊ नका. पतसंस्थेत मी त्या ऑपरेटरला शेजारी बसवून हे केलं. त्याच्या फोनवर मेसेज आला, स्क्रीनवरची ओळ लाल झाली, मी फाइल पुसली, आणि पुढच्या चेकला ती हिरवी झाली. तो चेक हिरवा त्यानं पहिल्यांदाच पाहिला.

मग जुनी कमांड टिप्पणीत टाकायची आणि पुन्हा -व्ही चालवायचं. कुणी विसरलेली सर्व्हिस अजून तिला धरून असेल तर तिचं नाव तिथे येतं. ती हलवायची, पुन्हा तपासायचं. चुका शून्य, इशारे शून्य असं आलं की टिप्पणीतली ओळही पुसून गिटमध्ये कमिट करायचं. अकरांपैकी शेवटची डिस्कची कमांड काढायला मला साडेतीन महिने लागले.